आवड आहे, पण जमेल का?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बहुतेकींच्या घरी जमाखर्चाची वही असेलच. माझ्याकडेही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. दूध, वाणसामान, गॅस, मुलांच्या वह्या, सगळं तिच्यात येतं आणि महिनाअखेरीला बेरीज कधी जुळते, कधी नाही. यंदाच्या मे महिन्यात मात्र या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर एक निराळाच जमाखर्च मांडला गेला, आणि तो मांडता मांडता आम्हा दोघी बहिणींचं भांडण होता होता राहिलं. तुमच्याही घरी आज ना उद्या असा प्रसंग येईल, म्हणून आज त्याविषयीच लिहिते.

माझी भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, दोन वर्षं आमच्याकडे सोलापूरला राहून शिकत होती. ताई असते बार्शीला. बारावी झाली, 'नीट'ची परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन आली आणि चप्पल काढता काढताच पोरीनं सांगून टाकलं, "मावशी, एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क काही पडायचे नाहीत. पण मला वाईट वाटत नाही. मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय."

रात्री ताईचा फोन. "तू शाळेत शिकवतेस ना? मग हिलाही शिकव जरा. शेणामुतात हात घालायला का तिला एवढं शिकवलं? उद्या मुलाकडची माणसं आली तर काय सांगायचं, मुलगी ढोरांची डॉक्टर आहे म्हणून?"

आता यावर मी काय बोलणार? आमचं माहेर सांगोल्याकडचं. दारात खिलारी बैलांची जोडी, एक म्हैस, चार शेळ्या. शेणामुतात हात घालतच आम्ही दोघी मोठ्या झालो. पण ताईला ते आठवायचं नव्हतं आणि मला आठवून द्यायचा धीर नव्हता. मी म्हटलं, "आठ दिवस दे मला. तिला हे जमण्यासारखं आहे का ते नीट पाहते. नसलं जमण्यासारखं तर मीच तिला सांगेन." खरं सांगायचं तर मनातून मला वाटत होतं की नाहीच जमायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरल्यावर मी ती वही काढली. मधोमध रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. "लिही," म्हटलं, "या कामासाठी तुझ्याजवळ काय आहे आणि काय नाही."

तिनं झरकन पहिली ओळ लिहिली : 'प्राण्यांची खूप आवड.'

मी म्हटलं, "ही ओळ पेन्सिलीनं लिही."

तिला राग आला. पण तुम्हीच सांगा, तिची आवड म्हणजे काय? गल्लीतल्या मांजरीची तीन पिल्लं खोक्यात घालून गच्चीवर ठेवायची, त्यांचे फोटो काढायचे, कुणी गाडीखाली आलं की दोन दिवस जेवायचं नाही. डॉक्टरकडे येणारं जनावर असं मांडीवर घेण्यासारखं नसतं. ते घाबरलेलं असतं, त्याला वास येत असतो, ते लाथ मारतं, चावतं. डॉक्टरनं जवळ जावं आणि त्याला आधी दुखवावंच लागतं. कधी कधी तर वेदनांतून सुटका म्हणून शेवटचं इंजेक्शन आपल्याच हातानं द्यावं लागतं. ज्याची आवड फक्त कुरवाळण्याची, त्याला हे काम इतरांपेक्षा जास्तच जड जातं. आवड नको असं मी म्हणत नाही. ती नसेल तर कुणी उन्हातान्हात या धंद्यात राहणारच नाही. पण तिच्या एकटीच्या भरवशावर साडेपाच वर्षांच्या शिक्षणाला हात घालायचा म्हणजे घरात नुसतं मीठ आहे म्हणून पंगत बोलावण्यासारखं आहे.

ह्यांच्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई आहेत, तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. त्यांना विचारलं, आठ दिवस ही पोर बाकावर बसून पाहील, चालेल का? त्या हसून म्हणाल्या, "बसू नको म्हणावं, पाणी आणून दे, दोरी धर. बसून काही कळत नाही." माझ्या शाळेला सुटी होती. मीही तिच्याबरोबर जाऊ लागले.

पहिल्याच दिवशी एक खिलारी बैल आला. खांदा आला होता, म्हणजे जू घासून खांद्याला सूज, आत पू, आणि वर जखमेत किडे. बैलाला खोड्यात घातलं. बाईंनी चीर दिली, पू काढला, चिमट्यानं एकेक किडा वेचला, टर्पेंटाइनचा बोळा कोंबला. मी मागे पाहते तो आमची भाची पांढरीफटक. बाहेर लिंबाखाली जाऊन ओकली आणि तोंडावर पाणी मारून तिथंच बसून राहिली.

मैत्रिणींनो, तुमच्यापासून काय लपवायचं, मला हायसं वाटलं. रात्री ताईला फोन करून सांगितलंदेखील, "निम्मं काम झालं. उद्या स्वतःच नको म्हणेल." वहीत खर्चाच्या बाजूला मीच लिहिलं : 'घाण, रक्त सहन होत नाही.'

इथे माझी चूक झाली. चौथ्या दिवशी तीच मुलगी गाईची वार अडकली होती तिथे बादली धरून उभी होती, नाकाला पदर-रुमाल काही न लावता. विचारलं तर म्हणे, "अगं, वास येतो, पण तो कशाचा आहे हे कळलं की तेवढा येत नाही." आणि मला एकदम माझं पहिलं बाळंतपण आठवलं. लग्नाआधी दुधाची साय पाहून नाक मुरडणारी मी, तिसऱ्या महिन्यात एका हातानं बाळाचे लंगोट धूत होते आणि दुसऱ्या हातानं चहा पीत होते. किळस ही सवयीनं जाणारी गोष्ट आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक असतं. मुलीच्या बाबतीत मात्र आपण तीच सबब आधी पुढे करतो.

ताकदीचंही तसंच. ताईचा दुसरा मुद्दा तोच होता, बैल कसा आवरणार पोरगी? अहो, खिलारी बैल अंगच्या जोरानं कुठला पुरुष आवरतो? वेसण, कासरा, खोडा आणि त्याच्या कुठल्या बाजूनं जायचं याची अक्कल, यांनी तो आवरतो. पंढरपुरी म्हशीची शिंगं तर तलवारीसारखी खांद्यापलीकडे गेलेली; ती नुसती माशी हाकलायला मान वळवते तरी आपण आडवे. तिथे जोर काय कामाचा? उलट शेळीच्या पोटात करडू आडवं आलं तेव्हा बाईंचा लहान हात जिथे गेला तिथे त्यांच्या दणकट मदतनिसाचा गेला नसता.

मग खरी उणीव दिसली ती पाचव्या दिवशी, आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती.

एक म्हातारे शेतकरी म्हैस घेऊन आले. कास दगडासारखी झालेली. आपल्याकडे याला दगडीच म्हणतात, कासदाह. दुधात गाठी, रंग बदललेला. तीन दिवस त्यांनी घरीच हळदीचे लेप वगैरे केले होते. बाईंनी औषध सोडलं, पण एक सड गेलाच म्हणाल्या. आणि आमची भाची एकदम कडाडली, "आधी का नाही आणलं? तीन दिवस काय करत होता? मुकं जनावर आहे ते!" म्हातारे काही बोलले नाहीत. दावं गुंडाळलं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेले.

ते गेल्यावर बाईंनी तिला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "तुझं काय गेलं? चारातला एक सड गेला म्हणजे त्यांच्या घरातलं तेवढं दूध गेलं, आणि विकायला काढली तर किंमतही पडली. आणायला टेम्पोचं भाडं नसेल. आता पुढच्या वेळी ते तिसऱ्या दिवशीही यायचे नाहीत, कारण इथे एक पोरगी ओरडते. मग तू वाचवलंस कुणाला?" आणि पुढे म्हणाल्या ते मी घरी येऊन वहीत टिपून ठेवलं. निम्मा आजार मालकाच्या तोंडून कळतो. काय खाल्लं, किती दिवस झाले, गाभण आहे का, रवंथ करते का, शेण कसं पडतं. मालक गप्प झाला की डॉक्टर आंधळा.

म्हणजे बघा, जनावरांचं काम म्हणून ही पोर माणसांपासून पळत होती, आणि या कामात तर माणसांशिवाय पान हलत नाही! पुष्कळ मुलंमुली असं म्हणतात, 'मला माणसांपेक्षा प्राणी बरे वाटतात.' आपल्यालाही ऐकायला गोड वाटतं. पण कुत्रं स्वतःहून दवाखान्यात येत नाही. त्याच्यामागून रडणारी आजी येते, घाईतला साहेब येतो, फी ऐकून वाद घालणारा येतो. बाई सांगत होत्या, २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली, गाईबैलांच्या अंगभर गाठी, जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. त्या वेळी दिवसभर गावोगाव लस टोचत फिरायचं आणि लस टोचण्यापेक्षा जास्त वेळ लोकांची भीती घालवण्यात जायचा. कुणी म्हणायचं लसीनंच गाय आजारी पडते, कुणी गोठ्याचं दार उघडायचं नाही. तिथे सुई चांगली टोचता येते एवढ्यानं भागत नव्हतं.

त्या रात्री भाची जेवली नाही. वही स्वतःच काढली आणि खर्चाच्या बाजूला लिहिलं, 'माणसांवर चिडते.' पेनानं लिहिलं.

सातव्या दिवसाची गोष्ट सांगते आणि दवाखान्यातून बाहेर पडते. लग्नसराईचे दिवस. एक बाई दोन शेळ्या घेऊन आल्या होत्या, एकीच्या पायाला लागलं होतं म्हणून. दुसरी नुसती सोबतीला. सगळे त्या पायाकडे पाहत होते. भाची मात्र त्या दुसरीकडे पाहत होती. ती शेळी बाजूला उभी, कान पडलेले, रवंथ नाही, अधूनमधून करकर दात खात होती. भाचीनं जवळ जाऊन त्या बाईंना हळूच विचारलं, "मावशी, काल हिनं काय खाल्लं होतं?" हळूच, बरं का! तर शेजारच्या लग्नातला उरलेला भात पातेलंभर तिच्यापुढे टाकला होता. डाव्या भकाळीला हात लावला तर आत सगळं थबथबलेलं. डॉक्टरबाईंनी पायाचं काम मदतनिसाकडे सोपवलं आणि आधी ही शेळी हातात घेतली. गुरांच्या, शेळ्यांच्या पोटात एकदम एवढा भात किंवा धान्य गेलं की ते आंबतं, आम्ल वाढतं आणि दोन दिवसांत जनावर दगावतं. ही शेळी वाचली.

जाता जाता एक सांगते. आपण शहरातल्या बायका पुण्य म्हणून रस्त्यावरच्या गाईपुढे शिळ्या पोळ्या, भात, सणाच्या पुरणाचा ढीग ओततो, वर प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. आमच्या सासूबाईंचा रोजचा गोग्रास कधी चुकत नाही. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या आधी फुगून बसल्या. आता भाकरीचा एक घास आणि मंडईतून हिरव्या चाऱ्याची पेंढी, असा तह झालाय.

आठव्या दिवशी मी डॉक्टरबाईंच्या पुढे वही धरली. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही बाजू वाचल्या. 'घाण, रक्त सहन होत नाही' ही माझी ओळ खोडली. जमेला लिहिलं, 'नजर चांगली. न सांगता दिसतं.' खर्चाला लिहिलं, 'हात स्थिर नाहीत, होतील. चिडणं सवयीनं जात नाही, ठरवून घालवावं लागेल.' आवडीच्या ओळीला त्यांनी हातच लावला नाही.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. आपण मुलांचे गुणदोष घरबसल्या मोजतो, आणि तेही आपल्याला जे निघायला हवं असतं तेच मोजतो. पोर वही एकटीनं भरेल तर आवड भरेल. आई भरेल तर भीती भरेल. तिसरा कुणीतरी हवा, ज्यानं तिला काम करताना पाहिलंय. आणि खर्चाच्या बाजूच्या सगळ्या ओळी एका वजनाच्या नसतात. किळस, भीती, अनघड हात, हे कामानंच कमी होतं. कुणाला दमा असेल आणि केसांनी, कोंबड्यांच्या शेडमधल्या धुरळ्यानं तो उसळत असेल तर तिथे मात्र हट्ट करू नये. तो शरीराचा नकार आहे. पाठीच्या मणक्याचंही तसंच. आणि 'लोक काय म्हणतील' ही ओळ तर मुलीच्या पानावरची नव्हेच. ती लोकांच्या पानावरची.

दुसरं असं की गुण आणि दोष आपापली जागाही बदलतात. आमच्या सोलापूरजवळच नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, १९७९ सालापासूनचं. मी शाळेची मुलं घेऊन गेले होते तेव्हा भाचीही आली होती. माळढोक आता तिथे दिसणं फारच दुर्मिळ. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते आणि तेही उघड्या माळावर, जमिनीवर. हा पक्षी अभ्यासायचा तर तासन् तास हलायचं नाही, बोलायचं नाही. भाचीला अर्ध्या तासात मुंग्या आल्या. काळवीट दिसले तेव्हा कुठे जरा बरं वाटलं तिला. त्या माळावर तिचा तो चुळबुळ्या स्वभाव खर्चात पडला असता. दवाखान्यात मात्र तोच उपयोगी पडला. एका शेळीवर तिची नजर ठरत नव्हती म्हणून तर दुसरी दिसली.

आणि ज्या मुलीला रक्तही नको आणि उन्हातली वणवणही नको, पण जिच्या वह्या नेटक्या असतात, तिच्यासाठीही काम आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. चंदा निंबकर यांनी मेंढ्यांवर काम केलं. आपली दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. बंगालकडची गरोल मेंढी अंगानं लहान, पण दोन-तीन कोकरं देणारी. तिच्यातला तो जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून त्यांनी 'नारी सुवर्णा' तयार केली. अशा कामात कुठली मेंढी कुणाची, तिला किती कोकरं झाली, त्यांची वजनं काय, हे पिढ्यान् पिढ्या न चुकता टिपावं लागतं. महिनाअखेरीची बेरीज जुळेपर्यंत ज्यांना झोप येत नाही, अशा मुली आपल्या घरोघर आहेत की!

ताईचं अजून समाधान होत नव्हतं. "बायकांचं कामच नव्हे ते," हे पालुपद चालूच. मी तिला आयर्लंडच्या एलीन कस्ट या बाईची हकीकत सांगितली. एडिंबरोच्या कॉलेजात पशुवैद्यकाचं शिक्षण तिनं १९०० साली पुरं केलं, पण बाई म्हणून नोंदणी नाकारली. तरी ती आयर्लंडमध्ये खेड्यापाड्यांत घोडे-गाई तपासत राहिली आणि नोंदणी मिळाली ती १९२२ साली. ताई म्हणाली, "मग? बावीस वर्षं हिनंही वाट पाहायची का?" आता याला काय म्हणावं! आपल्या परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचं, आता नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत आणि वर्गांत मुली डोळ्यांत भरण्याइतक्या आहेत, हे सांगितल्यावर ती जरा गप्प झाली. उदगीर तिला बरं वाटलं. तिथे आमचे मावसभाऊ असतात.

एका बाबतीत मात्र मी ताईच्या बाजूची आहे, ती म्हणजे जपणूक. ब्रुसेलोसिस नावाचा रोग गाभडलेल्या जनावरापासून माणसाला होतो. वार काढताना, पडलेलं वासरू हाताळताना हातमोजे नसतील तर तो लागतो, आणि ज्या बाईला स्वतःला दिवस गेलेत तिनं तर या कामापासून त्या काळात लांबच राहावं. कुत्र्यामांजरांत काम करणारीनं पिसाळरोगाची लस आधीच टोचून घ्यावी. कुत्रं चावलं तर हळद, चुना, मिरची काही लावू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हे तर घरीदारी सगळ्यांनीच ध्यानात ठेवावं.

आता माझी गंमत ऐका. वही मिटणार तेवढ्यात भाचीनं कोरं पान उलटलं, रेघ मारली आणि वर माझं नाव लिहिलं. "मावशी, आता तुझं."

मी म्हटलं, "माझं काय? माझं वय का आता?" पण तिनं पेन हातातून सोडलं नाही. तेव्हा मला सांगावं लागलं. लहानपणी गावात मोटारसायकलवरून जनावरांचे डॉक्टर यायचे. त्यांची पेटी धरून मी गोठ्यागोठ्यांतून फिरायचे. चौदा वर्षांची असताना आईबरोबर म्हैस व्यायला मदत केली, पहिला चीक रेडकाला पाजला. विज्ञान शाखेचं नाव काढलं तेव्हा सोलापूरला कुठे राहणार म्हणून विषय संपला. मी बी.ए. झाले. यात कुणाचा दोष नाही. मला पुन्हा विचारायचं सुचलं नाही एवढंच. ताईला हे ठाऊक नव्हतं. भाचीनं जमेला लिहिलं, 'हात आहेत.'

खर्चाला काय लिहिणार? संसार, दोन मुलं, अर्धवेळ शाळा? भाची म्हणाली, "ही तर परिस्थिती झाली. तुझी उणीव सांग." बरोबर होतं तिचं. आणि उणीव मला ठाऊक होती.

पूर्वी आम्ही राहत होतो त्या गल्लीतली मंडळी अकरा दिवस यात्रेला गेली तेव्हा कुत्रं माझ्याकडे ठेवून गेली. चौथ्या दिवशी त्याला गोळी देताना ते मला चावलं. इंजेक्शनांच्या पाच फेऱ्या झाल्या. मंडळी परतली, प्रसादाचा लाडू हातावर ठेवला, आणि मी म्हणाले, "असू द्या हो, त्यात काय!" ते ऐकून पुढच्या दिवाळीत आणखी तिघींनी कुत्री-मांजरं आणून सोडली. दुधाचा खर्च माझा, केस झाडणं माझं, आणि राग निघाला तो पोरांवर. एक रुपयादेखील मला मागता आला नाही. भाचीनं लाल पेननं लिहिलं, 'पैसे मागता येत नाहीत.'

तुम्हा कितीजणींच्या पानावर ही ओळ असेल! शेळ्या पाळल्या, चार कोंबड्या ठेवल्या, सुटीत लोकांची जनावरं सांभाळली, कष्टाला आपण कमी पडत नाही. भाव सांगताना जीभ टाळ्याला चिकटते. खेड्यांतून आता बचतगटातल्या बायका पशुसखी म्हणून काम करतात. शेळ्यांना जंताचं औषध द्यायचं, लसीच्या तारखा ठेवायच्या, आजार ओळखून डॉक्टरला वेळेवर कळवायचं. फी घेतात, ठरलेली, आणि शेजारणीकडूनही घेतात. ती फी मागणं हेच आधी शिकावं लागलं असणार, असं मला माझ्यावरून वाटतं.

परवा एक बाई आल्या. चार दिवसांसाठी मांजर ठेवाल का? मी त्यांना आत बसवलं, लसीचं कार्ड आहे का विचारलं, काय खातं ते लिहून घेतलं आणि रोजचा दर सांगितला. सांगताना घसा कोरडा पडला. त्या "बरं" म्हणाल्या, एवढंच. इतकी वर्षं मी कशाला भीत होते कोण जाणे. भाची स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. त्या गेल्यावर तिनं लाल ओळीशेजारी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. पेन्सिलीनं, कारण एकदाच मागितलेत म्हणे!

'नीट'चा निकाल लागला. मार्क बेताचे आहेत. प्रवेशाची यादी अजून लागायची आहे, त्यामुळे उदगीर, परभणी की काहीच नाही, ते आज सांगता येत नाही. यादीत नाव नाही लागलं तर काय, हेही आम्ही वहीत मांडून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात ताई आली होती. दुपारी सगळे झोपल्यावर तिनं ती वही एकटीनं वाचली, माझं पानसुद्धा. मला काही बोलली नाही. संध्याकाळी पाहते तो भाचीच्या पानावर, खर्चाच्या बाजूला, अगदी खाली ताईच्या वळणदार अक्षरात एक ओळ : 'अपरात्री बोलावणं आलं तर एकटी जाणार कशी?'

ती ओळ आम्ही खोडली नाही, कारण ती खरी आहे. सध्या रोज संध्याकाळी पाऊस उघडला की भाची घराजवळच्या मैदानात माझी स्कूटर शिकते. ताईनं बार्शीला परत जायचं दोनदा पुढे ढकललंय. मागच्या सीटवर ती बसते, आणि "हळू, अगं हळू," असं ओरडत असते.